‘हाउ आर यू?’चे उत्तर

जबलपूरच्या सराफ्यात सकाळी दुकाने उघडू लागली की प्रथम कानी पडते ती सोन्याची किणकिण नव्हे, तर एक हाक. गादीवरची चादर झटकून दुकानदार बसतो न बसतो तोच समोरून शब्द येतात, ‘जय राम जी की!’ हा मान वर करतो, तेच शब्द परत करतो आणि आपल्या तराजूकडे वळतो. कोणी कोणाला काही विचारलेले नसते, कोणी कोणाला काही सांगितलेलेही नसते. तरीपण एखाद्या दिवशी ही ने-आण झाली नाही, तर दुपारपर्यंत गल्लीत कुजबुज सुरू होते की या दोघांत काहीतरी बिनसले आहे.

याच गल्लीतून एखादा मराठी गृहस्थ कचेरीला निघालेला असतो. जबलपुरात मराठी माणूस नवखा नाही. १८१७ साली इंग्रजांचा अंमल बसण्यापूर्वी हे शहर नागपूरकर भोसल्यांकडे होते. पुढे ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती त्याच प्रांतात ते १९५६ पर्यंत राहिले, आणि वकील, शिक्षक, रेल्वेतील व कारखान्यांतील नोकरदार अशा निमित्तांनी मराठी घरे येथे रुजली. अशा घरातला माणूस दिवसाकाठी तीन भाषांत तीन प्रकारचे कुशल करतो. घरातून निघताना तो ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि आतून उत्तर येते, ‘या’. सराफ्यात ओळखीच्या पेढीवरून ‘जय राम जी की’ आले की तो त्याच नाण्यात परतफेड करतो. या दोन्ही ठिकाणी त्याची जीभ अडत नाही. ती अडते तिसऱ्या ठिकाणी. कचेरीत बाहेरून आलेला कोणी वरिष्ठ अधिकारी जाता जाता हसून ‘हाउ आर यू?’ म्हणतो, आणि पंधरा वर्षे इंग्रजी शिकलेला, इंग्रजीत उत्तम टिपणे लिहिणारा हा गृहस्थ गांगरतो. खरे सांगावे काय? रात्रभर खोकल्याने झोप लागली नाही, हे सांगावे काय? नुसते ‘फाइन’ म्हटले तर ते कोरडे दिसेल काय? तो असा विचार करीत उभा राहतो, तोवर विचारणारा दोन दालने ओलांडून गेलेला असतो.

सराफांच्या धंद्यात हुंड्या दोन प्रकारच्या असत. दर्शनी हुंडी दाखवली की तेथल्या तेथे पैसे मोजावे लागत. मुदती हुंडीला ठरावीक दिवसांची सवड असे. ‘हाउ आर यू?’ ही इंग्रजीतील दर्शनी हुंडी आहे. ती समोर येताच वटवावयाची असते, आणि रक्कमही ठरलेली असते. ‘फाइन, थँक यू. अँड यू?’ एवढे मोजले की हिशेब पुरा झाला. यात घसघशीत भर घालून आपली प्रकृती, मुलाची परीक्षा आणि घराचे रखडलेले बांधकाम सांगणारा माणूस उदार ठरत नाही. पाच रुपयांच्या हुंडीवर पन्नास रुपये पुढे करणाऱ्याकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहिले जाते. उलट ‘फाइन’ म्हणून थांबणारा आणि ‘अँड यू?’ विसरणारा माणूस बट्टा कापून रक्कम देणाऱ्यासारखा वाटतो. मराठी माणसाच्या हातून हा दुसरा दोष अधिक घडतो. उत्तर दिले की काम संपले, असे त्याला वाटते. कारण शाळेत प्रश्नाचे उत्तर द्यावयास त्याला शिकवलेले असते, प्रश्न परत करावयास नव्हे.

शाळेचा हा दोष क्षम्य आहे. महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवले. त्या पद्धतीने वाक्यरचना पक्की झाली, काळ आणि विभक्ती समजल्या, कोर्टकचेऱ्यांत चालेल असे इंग्रजी हाती आले. परंतु कुशलप्रश्न हे भाषांतराच्या चिमट्यात सापडत नाहीत. ‘हाउ डू यू डू?’ याचे शब्दशः मराठी करू गेल्यास ‘तुम्ही कसे करता?’ असे काहीतरी निघेल, आणि मग ‘काय करतो?’ हा प्रश्न उरतोच. तेथील दुसऱ्या ‘डू’चा अर्थ करणे असा नसून चालणे, निभावणे असा आहे; म्हणजे ‘कसे काय चालले आहे?’ एवढाच. आणि गंमत अशी की तो अर्थ समजूनही उपयोग नाही, कारण या वाक्याला उत्तर नाहीच. पहिल्या भेटीत, ओळख करून दिली जात असता, एकाने ‘हाउ डू यू डू?’ म्हणावयाचे आणि दुसऱ्यानेही ‘हाउ डू यू डू?’ म्हणावयाचे. दोघांनी प्रश्न विचारला, दोघांनीही उत्तर दिले नाही, आणि दोघेही संतुष्ट. हा प्रयोग आता इंग्लंडातही विरळ झाला असून त्याची जागा ‘नाइस टू मीट यू’ने घेतली आहे, पण जुन्या वळणाच्या माणसाकडून तो अजून ऐकू येतो, आणि त्याला ‘आय अ‍ॅम फाइन’ असे उत्तर गेले की ऐकणाऱ्याची भुवई किंचित वर जाते.

इंग्रजांचे हे विचित्र वाटणारे वळण जबलपूरच्या माणसाला खरे तर परके वाटू नये. शहरापासून जवळच ग्वारीघाट आहे. नर्मदेची परिक्रमा करणारा पांथस्थ घाटावर येतो, समोर दिसेल त्याला ‘नर्मदे हर!’ म्हणतो, आणि तो माणूस, मग तो नावाडी असो, पुजारी असो की कपडे धुणारी बाई असो, ‘नर्मदे हर!’ म्हणतो. याचा अर्थ काय, असे कोणी कोणाला विचारीत नाही. शब्द जसे आले तसे परत गेले, एवढ्याने पांथस्थाला येथे विसावता येईल हे कळते.

ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्हस्की या मानवशास्त्रज्ञाने पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर राहून तेथील लोकांची बोली अभ्यासली आणि १९२३ साली एका निबंधात अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असे नाव दिले. माहिती देण्याघेण्यासाठी नव्हे, तर केवळ बोलण्यानेच माणसामाणसांत बंध निर्माण व्हावा म्हणून जे बोलले जाते, ते हे बोलणे. हवापाण्याच्या गप्पा त्यात आल्या, क्षेमकुशल त्यात आले. दोन अनोळखी माणसांमधील मौन हे भीतीचे असते आणि ते मोडण्यासाठी पहिले शब्द टाकावे लागतात, ही त्याची दृष्टी मार्मिक आहे.

या भीतीचा एक काळाकुट्ट पुरावा जबलपूरच्याच दप्तरांतून बाहेर आला. ठगांच्या बंदोबस्ताचे काम करणारा विल्यम स्लीमन हा अधिकारी येथे होता. पकडलेल्या ठगांपैकी जे माफीचे साक्षीदार झाले त्यांच्याकडून त्याने त्यांच्या गुप्त बोलीचा कोश जमवला आणि १८३६ साली ‘रामासीआना’ या नावाने तो प्रसिद्ध केला. त्या कोशात ठगांनी एकमेकांना ओळखण्याची खूण दिलेली आहे. वाटेत भेटलेला माणूस आपल्यापैकी आहे की नाही हे ताडण्यासाठी, हिंदू दिसला तर ‘औले भाई, राम राम’ आणि मुसलमान दिसला तर ‘औले खान, सलाम’ असे म्हणत. साध्या माणसाला त्यात एक अनोळखी शब्द ऐकू येई आणि तो ‘राम राम’ म्हणून पुढे चाले. ठगाला मात्र ओळख पटे. माफीच्या आशेने बोलणाऱ्यांच्या जबान्यांवर हा सारा इतिहास उभा असल्यामुळे अलीकडचे इतिहासकार तो जपून वाचतात, आणि ते योग्यच आहे. तरी त्या काळी पेढ्यांचा ऐवज वाहून नेणाऱ्या माणसांवर वाटेत घाले पडत, हे खरे. अशा माणसाच्या कानी पडलेला ‘राम राम’ हा नुसता शिष्टाचार नव्हता. त्याला दिलेल्या उत्तराच्या सुरावर कधी प्राणही अवलंबून असत.

आजच्या माणसाचे एवढे काही अवलंबून नाही. परंतु मुलाखतीच्या खोलीत शिरणाऱ्या तरुणाचे पहिले पाऊण मिनिट याच देवघेवीत जाते आणि त्याच्याविषयीचे मत पुष्कळसे तेथेच बनते. म्हणून काही चलनी नाणी ओळखून ठेवणे बरे. ‘गुड मॉर्निंग’ला ‘गुड मॉर्निंग’ हेच उत्तर. त्यापुढे ‘थँक यू’ जोडण्याचे कारण नाही. ‘गुड इव्हनिंग’ हे रात्री नऊ वाजता आलेल्या पाहुण्यालाही चालते, कारण ते भेटीचे बोल आहेत. ‘गुड नाइट’ हे केवळ निरोपाचे. रात्रीच्या जेवणाला आलेल्या साहेबाला दारातच ‘गुड नाइट’ म्हणून स्वागत करणाऱ्या यजमानाने नकळत त्याला परत पाठवलेले असते. ‘यू ऑल राइट?’ हा प्रश्न इंग्लंडात शिकावयास गेलेल्या मुलांना फार छळतो. घरमालकीण रोज सकाळी असे विचारते, तेव्हा आपला चेहरा इतका उतरलेला दिसतो काय, अशी शंका येऊन मुलगा आरशात पाहतो. तिला त्याच्या प्रकृतीची चिंता नसते. ‘ऑल राइट, थँक्स. यू?’ म्हणून त्याने चहाचे पाणी ठेवावे एवढीच तिची अपेक्षा असते.

‘व्हॉट्स अप?’ याचा बागुलबुवा तर अगदीच अनाठायी आहे. २००९ साली निघालेल्या आणि आता घरोघरी पोचलेल्या व्हॉट्सअ‍ॅपचे नाव याच प्रश्नावरील कोटी आहे. त्याचे उत्तर ‘नॉट मच’. मराठीत दोन स्नेही भेटतात. एक म्हणतो, ‘काय विशेष?’ दुसरा म्हणतो, ‘विशेष काही नाही.’ एक विचारतो, ‘काय म्हणता?’ आणि दुसरा आपण काय म्हणतो ते कधीच सांगत नाही. ‘चाललंय आपलं’ म्हणतो. नागपूरकडे ‘काय म्हणता जी?’ला ‘बरं आहे ना जी!’ असे उत्तर येते. ‘कुठे निघालात?’ असे शेजाऱ्याने विचारले असता कोणी गावाचे नाव आणि गाडीची वेळ सांगत नाही. ‘जरा इकडेच’ एवढ्यावर दोघांचे समाधान होते. म्हणजे प्रश्नाच्या रूपात आलेल्या नमस्काराला उत्तर न देता उत्तर कसे द्यावे, ही विद्या मराठी माणसाला पाळण्यातच मिळालेली आहे. तो ती इंग्रजीच्या दारात पादत्राणांबरोबर काढून ठेवतो, एवढेच.

मात्र ‘कुठे निघालात?’ आणि ‘जेवण झाले का?’ यांचे इंग्रजी करून ते परक्याला विचारू नये. मराठीत जो जिव्हाळा, तो तेथे चौकशी ठरतो. तसेच ‘व्हॉट इज युअर गुड नेम?’ हा आपल्या ‘शुभनाम’चा अनुवाद, ऐकणाऱ्याला आपले एखादे वाईट नावही आहे की काय, असा प्रश्न पडतो.

शब्दांपेक्षाही सूर अधिक महत्त्वाचा. जुना सराफ नाणे दगडावर टाकून त्याचा आवाज ऐके आणि खऱ्याखोट्याचा निवाडा करी. ‘हाउ आर यू?’ असे प्रथम विचारणारा ‘आर’वर जोर देतो, उत्तर देऊन तोच प्रश्न परत करणारा ‘यू’वर जोर देतो. शब्द तेच, पण जोर हलला की ‘आणि तुम्ही हो?’ असा भाव त्यात येतो. शाळेतील मुलांना एका सुरात ‘गुड मॉऽर्निंग टीऽचर’ म्हणावयास लावतात तेव्हा हा जोर, हा चढउतार, सारा बुडून जातो. शिक्षक ‘सिट डाउन’ म्हणतात. खरे उत्तर ‘गुड मॉर्निंग, चिल्ड्रन’ हे होते, ते मुलांच्या कानी फार थोड्या वर्गांत पडते. परिणामी नमस्कार वरच्याला करावयाचा असतो आणि वरच्याने तो नुसता घ्यावयाचा असतो, अशी खूणगाठ बालपणीच बांधली जाते.

ही खूणगाठ जुनी आहे. प्रत्युत्तराचा सूर कसा असावा याचा नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात घालून दिला आहे. शिष्याने आपले नाव सांगून अभिवादन केले असता गुरूने आशीर्वाद देताना त्याच्या नावाचा शेवटचा स्वर लांबवावा, त्याला प्लुत करावे, असा तो नियम. पतंजलीने तर व्याकरण का शिकावे याच्या कारणांत याची गणना केली आहे: ज्याला प्रत्यभिवादनातील प्लुत येत नाही, त्याला स्त्रियांना करतात तसे साधे अभिवादन करावे, म्हणजे पंडितांत त्याची किंमत गेली. ‘यू’वरचा जोर आणि हा प्लुत यांत दोन भाषांचे आणि अडीच हजार वर्षांचे अंतर असले, तरी दोन्हीकडे कान एकाच गोष्टीकडे लागलेला आहे. पण पाणिनीच्या त्याच सूत्रात एक अपवाद आहे. समोरचा शूद्र असेल तर स्वर लांबवावयाचा नाही. कुशल विचारण्यातही पायरी होती, आणि ती व्याकरणात लिहून ठेवलेली होती. महाराष्ट्रात खालच्या पायरीवर ढकललेल्यांनी ‘जोहार’ म्हणावयाचा, आणि वरच्याने तो शब्द कधी उलट उच्चारावयाचा नाही.

इंग्रजी अमदानीत हीच पायरी वेगळ्या पोशाखात आली. हिंदी माणसाने सलाम करावा आणि साहेबाने मान हलवावी, हा रिवाज होता. १९१९ साली पंजाबात लष्करी कायदा पुकारला गेला तेव्हा गुजरानवाला जिल्ह्यात असा हुकूम निघाला की गोरा अधिकारी दिसताच हिंदी माणसाने वाहनातून खाली उतरावे, उघडी छत्री मिटावी आणि सलाम करावा. जो नमस्कार हुकमाने घ्यावा लागतो त्याचे उत्तर अर्थातच कोणी देत नव्हते. या पार्श्वभूमीवर ‘गुड मॉर्निंग’ला ताठ मानेने ‘गुड मॉर्निंग’ म्हणणारा पहिला हिंदी कारकून कोण होता हे इतिहासाने नोंदवलेले नाही; पण त्या दिवशी त्या कचेरीत काहीतरी हलले असले पाहिजे. १९३०च्या आगेमागे विदर्भातून ‘जय भीम’ हे अभिवादन पसरू लागले. त्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. त्याचे उत्तर काय? ‘जय भीम’. म्हातारा म्हणो की पोर म्हणो, मंत्री म्हणो की मजूर, उत्तर तेच. जोहाराच्या जागी हा शब्द आला तेव्हा केवळ शब्द बदलला नाही, उत्तराची रीत बदलली.

म्हणूनच आजही एखादा हुशार मराठी तरुण परदेशी कचेरीत प्रत्येक वाक्यामागे ‘सर’ लावतो, ‘हाउ आर यू?’ला ‘फाइन, सर’ म्हणून गप्प उभा राहतो, आणि ‘अँड यू?’ विचारण्याचे धाडस करीत नाही, तेव्हा त्याचे इंग्रजी कच्चे असते असे मुळीच नाही. साहेबाला त्याचे कुशल विचारण्याचा आपला अधिकार आहे, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. समोरचा मात्र समजतो की हा मनुष्य तुटक आहे, त्याला आपल्याशी बोलावयाचे नाही.

उलट टोकही आहे. मुलाकडे अमेरिकेत गेलेली आई दुकानात सामान घेते. गल्ल्यावरची मुलगी नित्याप्रमाणे ‘हाउ आर यू टुडे?’ म्हणते, आणि आई थांबते. आपल्याला कोणीतरी विचारले याचा तिला आनंद होतो. मोडक्या इंग्रजीत ती गुडघ्याचे सांगू लागते, आणि मागे उभा असलेला मुलगा लाजेने लाल होऊन तिला हलकेच पुढे ढकलतो. रिवाजाने पाहता चूक आईची. पण तिने दर्शनी हुंडी मुदतीची समजली, यात तिचे अज्ञान जितके, तितकाच दिवसभर रिकाम्या घरात बसण्याचा शीणही असतो. मुलाने लाजण्याऐवजी संध्याकाळी तोच प्रश्न तिला मराठीत विचारला असता, तर दुकानातली ती घटका टळली असती.

आणि ‘फाइन’ या नाण्याची सवय एकदा जडली की ते भलत्या ठिकाणीही खर्च होऊ लागते. सराफ्यामागच्या एखाद्या मराठी घरात रात्री फोन वाजतो. हजारो मैलांवरून मुलगा बोलत असतो. आई विचारते, ‘कसा आहेस?’ तो म्हणतो, ‘फाइन.’ ‘काम कसं चाललंय?’ ‘फाइन.’ दगडावर टाकलेल्या नाण्याचा आवाज तिला बद्द ऐकू येतो. ती क्षणभर थांबते, आणि ज्या प्रश्नाला इंग्रजीत सोय नाही तो विचारते, ‘जेवलास का रे?’ पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग तो म्हणतो, ‘नाही गं, आई,’ आणि सांगू लागतो.